पान उघडेपर्यंत

हरभरा आणि बारावी आमच्या भागात बरोबरच येतात. इकडे घाटे वाळून खुळखुळायला लागतात, तिकडे एसटीच्या खिडक्यांतून हातात पॅड धरलेली पोरं दिसायला लागतात. लोणारच्या स्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. पळस फुललेला असतो, पण त्याचं कौतुक ज्यांच्या घरी परीक्षा नसते त्यांनी करावं.

माझ्या घरी परीक्षा नाही. माझा मुलगा लहान आहे आणि त्याला अभ्यासाची फिकीर नाही. तरी या दिवसांत माझीही रोज एक परीक्षा असतेच. सकाळी उठल्याबरोबर मी कपाटातला जुना, काचेला तडा गेलेला फोन काढते, वायफाय बंद करते, नेटवर्क मुद्दाम सगळ्यात मंद करून ठेवते आणि साखरखेर्ड्याच्या अभ्यासिकेची वेबसाइट उघडून बघते. उघडते. फोनमध्ये साठलेलं पुसून पुन्हा उघडते. पुन्हा उघडते. नवरा स्वयंपाकघरातून ओरडतो, "उघडते बाई ते, रोजच उघडते. तू इकडं दूध पाह्य, उतू चाललं."

तो हसतो, त्याचं बरोबर आहे. पण काही वर्षांपूर्वी याच मोसमात त्या छोट्या पडद्यावर जे गोल चक्र फिरत होतं, ते माझ्या डोक्यात अजून थांबलेलं नाही.

मी वेबसाइट बनवते. घरी बसून, भिंतीकडे तोंड करून. नातेवाइकांना हे काम काय ते अजून नीट समजलेलं नाही. लग्नात ओळख करून देताना ते "ही कम्प्युटरचं करते" म्हणतात आणि विषय बदलतात. रोपवाटिका, मंगल कार्यालय, सरोवर दाखवणारे गाइड, असली माझी गिऱ्हाइकं. ज्या सॉफ्टवेअरवर मी हे सगळं उभं करते ते फुकट आहे, खुलं आहे. कुठल्या कुठल्या देशांतल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी ते मिळून लिहिलंय आणि कुणीही घ्या, उघडून बघा, मोडा, दुरुस्त करा म्हणून ठेवून दिलंय. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा खरंच वाटेना. आमच्याकडे विहिरीवरच्या मोटारीची चावीसुद्धा कुणी न विचारता देत नाही. मी त्यातूनच शिकले, कुठल्या क्लासला न जाता. रात्रंदिवस चुका केल्या आणि त्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चा-मंडळावर प्रश्न विचारत गेले. कुणी ना कुणी उत्तर द्यायचंच.

साखरखेर्ड्याला माझं माहेर. आबा, म्हणजे माझे वडील, हायस्कूलवर इंग्रजी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी विहाराच्या मागच्या खोलीत अभ्यासिका काढली. गावानं हात दिला. कुणी पंखा दिला, कुणी खुर्च्या, कुणी भिंतीला रंग. बारावीच्या पोरांना आबा तिथे संध्याकाळी इंग्रजी शिकवायचे. मग त्या वर्षी थंडी सरता सरता एकदम मला म्हणाले, "सुजाता, ह्या शिकवणीची वेबसाइट कर. बाहेरगावच्या लेकरांनाही उपयोग होईल."

बाहेरगावची लेकरं कोण, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. बाहेरगावी आमचं एकच लेकरू परीक्षेला बसणार होतं, आणि ते माझ्यापेक्षा मोठं होतं.

माझी ताई, करुणा. जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एका खेड्यात दिलेली. अकरावी झाली आणि आबांनी तिची शाळा थांबवली. स्थळ चांगलं होतं. जावई चांगलाच निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण साऱ्या गावच्या पोरींना इंग्रजी शिकवणाऱ्या माणसानं स्वतःची पहिली पोरगी बारावीच्या तोंडावर उठवली, हे गावाला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि आबांना सगळ्यांत जास्त. त्यावर आमच्या घरात कधीही कुणी बोललं नाही. ताईचा फोन आला की आबा विचारायचे, "बरं आहे ना?" ती म्हणायची, "हाव." मग आबा फोन माझ्याकडे द्यायचे. एवढंच त्यांचं बोलणं, वर्षानुवर्षं.

ताई गावातल्या अंगणवाडीत मदतनीस होती. सेविकाबाई निवृत्त व्हायला आल्या होत्या, आणि ताई बारावी पास असती तर ती जागा तिला मिळू शकत होती. नाही तर दुसरी कुणीतरी येणार आणि ताई तिच्याही हाताखाली खिचडी ढवळत राहणार. म्हणून तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसतात तो फॉर्म. आदल्या खेपेला बाकी सगळे विषय निघाले होते, इंग्रजीनं घात केला होता. भाऊजी म्हणाले होते, "एकडाव अजून बस. मंग सोडून दे." त्यामुळे हा शेवटचा डाव होता. आणि बारावीला पहिलाच पेपर इंग्रजीचा असतो.

मी वेबसाइट बनवली. मन लावून बनवली. आणि आमच्याकडे जे केल्याशिवाय कुठलंच काम पुरं झालं असं वाटत नाही, तेही केलं. चौकातला कुठलाही फ्लेक्स बघा. वाढदिवस एकाचा असतो आणि खाली शुभेच्छुक म्हणून चेहरे अख्ख्या आळीचे. आबा म्हणाले, "ज्यानं पंखा दिला त्याचा फोटो नको का? माणसं दुखावतात." मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मीही त्याच मातीतली. मग फोटो यायला लागले. फेटा बांधलेले, गॉगल लावलेले, मोटारसायकलला टेकलेले, नातवाला कडेवर घेतलेले. फोनमधून निघाले तसेच्या तसे, भल्यामोठ्या आकाराचे. विहार समितीचे अध्यक्ष दौलतनाना यांच्या एकट्याच्या फोटोच्या वजनात आबांचे वर्षभराचे धडे, लिहून काढले असते तर, मावले असते. कुणाचा वर, कुणाचा खाली, यावरून एक बैठक झाली. तोडगा म्हणून मी सरकते फोटो लावले, म्हणजे प्रत्येक जण कधी ना कधी पहिला. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. सगळ्यात वर आबांचा आवाज, पान उघडलं की आपोआप सुरू होणारा, आणि त्या आवाजात, आभारांच्या मागे कुठेतरी, शिकवणी.

माझ्या लोणारच्या घरी ते झटकन उघडायचं. मी खूश होते.

ताईचा फोन आला तेव्हा दुपार होती. तिच्या गावात नेटवर्क धड नव्हतंच. गावाबाहेर पाण्याची टाकी आहे, तिच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर उभं राहिलं की थोडंफार यायचं. अंगणवाडी सुटली की ती तिथे जायची. फोनमध्ये वारा ऐकू येत होता, शेळ्या ऐकू येत होत्या.

"उघडलं का ताई?"

"नाव दिसते वरतं. त्याच्याखाली गोल फिरून राह्यलं."

"थोडं थांब."

"थांबलीच हावो ना. कालपासून थांबून राह्यली." आणि हसली. "तुह्या वेबसाइटपेक्षा आमची एसटी बरी व सुजे. उशिरा येते, पण येते."

ती थट्टा करत होती आणि मी पेपरला उरलेले दिवस मोजत होते. पेपर जवळ आलेला, तिच्याकडे शिकवायला कुणी नाही, आबांनी शिकवायला सुरुवात केलेली आणि मधे मी बांधलेलं पान आडवं पडलेलं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. सरोवराच्या काठावर मोर ओरडले तरी मला फोन वाजल्यासारखं वाटायचं.

आधी मला हेच कळेना की माझ्याकडे उघडतं मग तिच्याकडे का नाही. उत्तर अगदी साधं होतं. मी ते पान इतक्यांदा पाहिलं होतं की माझ्या कम्प्युटरनं सगळे फोटो स्वतःजवळ ठेवून घेतले होते. मला ते मागवावेच लागत नव्हते. तिला सगळे पहिल्यापासून, टाकीच्या पायरीवर, थेंब थेंब मिळत होते. त्याच दिवशी मी कपाटातला जुना फोन बाहेर काढला आणि तिच्यासारखी होऊन बघितलं. चक्र फिरत राहिलं. मी चहा करून आले, फिरतच होतं. असं वाटलं, कुणाच्या तरी दारात उभी आहे आणि आतून माणसं बोलताना ऐकू येतात, पण कडी कुणी काढत नाही.

मग मी सुटलेच. पाकळ्या काढल्या. फोटोंची सरकपट्टी काढली. अक्षरांसाठी आणलेला नक्षीदार फॉन्ट काढला. फोनमध्ये असतील ती अक्षरं पुरे. आधीच तयार पान राखून ठेवायची सोय लावली, म्हणजे कुणी आलं की तेव्हा पीठ मळायला बसायचं नाही, टोपल्यातली भाकरी काढून द्यायची. गरज नसलेले जोड-प्रोग्रॅम, प्लगिन म्हणतात ती, एकेक बंद करत गेले. आणि फोटो. ते आधी लहान केले, मग आणखी लहान, मग सरळ उचलून मागच्या वेगळ्या पानावर नेले.

दुसऱ्या दिवशी दौलतनानांचा फोन. "काऊन व सुजाता? खुर्च्या आमी देल्या, अन् आमालेच मागच्या खोलीत बसवलं?"

मी म्हटलं, नाना, फोटोंमुळे लेकरांचं पान उघडत नाही.

"माह्या फोनवर तं उघडते!"

अर्थात उघडत होतं. नाना दिवसातून किती वेळा स्वतःचा फोटो बघत होते कोण जाणे. त्यांच्या फोननंही तो कधीचाच घरी ठेवून घेतला असणार. मी हे त्यांना सांगितलं असतं तर बोलणं कायमचं बंद झालं असतं. नाही सांगितलं, म्हणून दोन महिनेच बंद राहिलं. आता मात्र विहारात पाहुणा आला की नानाच त्याच्या हातातला फोन मागून घेतात आणि "पाहा, कसं चटकन उघडते" म्हणून दाखवतात.

इतकं सगळं करून मी ताईला फोन लावला. ती म्हणाली, "आता पाकळ्या नाहीत. बाकी तेच हाय."

मी रडायला लागले. ती पायरीवर उन्हात उभी, आणि मी पंख्याखाली रडतेय. "तू काऊन रडून राह्यली व?" ती म्हणाली, "पेपर तं माहा हाय."

त्या संध्याकाळी मी सॉफ्टवेअरच्या त्या मंडळावर सगळं लिहिलं. काय काय काढलं, काय काय केलं. कुठल्या तरी देशातून एका बाईनं उत्तर दिलं. तिनं एकच ओळ लिहिली होती: पानावर सगळ्यात जड काय आहे, ते मोजून बघितलंस का?

मी मोजलं नव्हतं. मी अंदाजानं, समोर दिसेल ते काढत सुटले होते. मोजायची सोय त्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतीच. मी मोजलं, आणि फोटो तर त्यापुढे काहीच नव्हते. सगळ्यात जड होता आबांचा आवाज.

आबांचा विश्वास असा की इंग्रजी कानानं येतं. म्हणून ते धडा लिहीत नसत, बोलत. माझ्या जुन्या रेकॉर्डरवर, पंख्याच्या घरघरीसकट. सुरुवातीला विहार समितीचे आभार, मग प्रत्येक दात्याचं नाव, मग पालकांना दोन शब्द, मग धडा. त्यांचा आवाज खरंच चांगला आहे. आयुष्यभर मागच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज. तो आपोआप सुरू होणं मी बंद करू शकत होते, आणि केलंही. त्यानं पान उघडलं असतं. पण ताईनं बटण दाबल्यावर पुन्हा तेच चक्र. शिकवणी त्या आवाजातच होती, आणि तो आवाज सातपुड्याच्या पायथ्याला जाऊ शकत नव्हता.

हे फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. मी मेहकरला बस बदलून साखरखेर्ड्याला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हरभरा सोंगून ठेवलेला. सारा रस्ता मी वाक्य जुळवत होते आणि मोडत होते. बापाला कसं सांगायचं की तुमचा आवाज फार जड आहे?

आबा ओट्यावर रेकॉर्डर पुढे घेऊनच बसले होते. मी जुळवलेलं सगळं विसरले आणि सरळ सांगितलं, "आबा, ताईला तुमचं काहीच ऐकू येत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. एक शब्दही नाही."

त्यांनी रेकॉर्डर बंद करून बाजूला ठेवला. मला वाटलं, चिडतील. मग म्हणाले, "मंग तिच्याकडं काय जाऊ शकते?"

"अक्षरं. नुसती अक्षरं, आबा. चित्र नाही, आवाज नाही. ती पिसासारखी जातात."

त्यांनी आत जाऊन कोरे कागद आणले. चष्मा पुसला. दाते नाहीत, आभार नाहीत, पालकांना दोन शब्द नाहीत. पहिल्या ओळीपासून धडा. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं थोडक्यात काही सांगताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या बाजूला बसून लॅपटॉपवर टाइप करत गेले. ते एक कागद संपवायचे, मी तो पानावर चढवायची, दुसरा घ्यायची. शेवटच्या कागदावर सराव होता. पुढील वाक्यांचे इंग्रजीत भाषांतर करा. गाय चरत आहे. काल बाजार होता. मला पोहता येत नाही. डॉक्टर गावात आले. आणि मग पाचवं.

मी माझ्या मोठ्या मुलीची शाळा मध्येच थांबवली, ते माझं चुकलं.

माझी बोटं थांबली. हे पान गाव बघणार होतं. नाना बघणार होते, विहारातली सगळी पोरं वहीत उतरवून घेणार होती. फोटो वर की खाली यावरून माणसं दुखावतात म्हणणाऱ्या माझ्या बापानं हे लिहिलं होतं, त्याच सरळ, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात.

"आबा, हे ठेवायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "परीक्षेत येऊ शकते," ते म्हणाले. "टाक."

मी टाकलं. बटण दाबण्याआधी ते वाक्य पुन्हा एकदा वाचून घेतलं, शब्द चुकला नाही ना ते बघायला. मग आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो.

ताई पास झाली. काठावर, पण झाली. आता ती सेविका आहे. तिच्या अंगणवाडीतल्या लेकरांच्या दोन आयांनी या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, आणि त्या टाकीच्या पायरीवर आता त्या उभ्या राहतात. म्हणून तर मी सकाळी सकाळी जुना फोन काढून बसते. त्यांची नावंसुद्धा मला धड माहीत नाहीत. पण कुणीतरी उन्हात उभं राहून माझ्या पानाची वाट बघतंय ही धास्ती खरी आहे, आणि ती गेली तर मी हे काम वाईट करायला लागेन असं मला वाटतं. साइट हलकी राहत नाही. घरात सामान साचतं तशी तीही जड होत जाते. दर वर्षी कुणी तरी एखादा फोटो आणून देतोच. मी तो प्रेमानं घेते आणि मागच्या पानावर लावते. आबांचं सरावाचं पान मात्र जसंच्या तसं आहे. त्यातली गाय अजून चरतेय.

त्या दिवशी, आम्ही दोघं ओट्यावर फोनकडे बघत बसलो होतो तेव्हा, ऊन कलताना तो वाजला.

"उघडलं व," ताई म्हणाली. "हात लावला अन् उघडलं. पयले मले वाटलं, दुसऱ्याचंच काही उघडलं."

मी फोन स्पीकरवर टाकला. वहीचा फोटो पाठवणं तिला शक्य नव्हतं, तो तिकडून निघालाच नसता. म्हणून आबा म्हणाले, तोंडीच सांग. आणि ती सांगायला लागली. वारा होता, शेळ्या होत्या, आणि मधेमधे तिचं अडखळतं इंग्रजी. पहिलं वाक्य बरोबर. दुसरं बरोबर. तिसऱ्यात आबांनी एक शब्द सुधारला. चौथं तिनं दोनदा सांगितलं. मग ती थांबली. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"करुणा," आबा म्हणाले. आवाज मागच्या बाकापर्यंत जाणारा नव्हता तो. "पाचवं राह्यलं."

"नाही राह्यलं, आबा," ताई म्हणाली. "ते आलं मले. तुमी पुढचं घ्या."

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कागद डोळ्यांजवळ धरून सहावं वाक्य वाचलं, "बस आज वेळेवर आली," आणि ती काय सांगते ते ऐकायला फोनजवळ वाकले.